दुर्बिणीतला कोळ्याचा धागा

घरातली कोळिष्टकं काढायला लोक बाई ठेवतात. मला कोळिष्टकं लावायला ठेवलं होतं. हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांपैकी कुणी ‘तुम्ही नोकरी कुठं करता हो?’ असं विचारलं, की मी ‘दुर्बिणींच्या वर्कशॉपमध्ये’ एवढंच सांगते. पुढचं सांगितलं तर माझ्या हातचा तिळगूळ घ्यायला त्या बिचकतात. या अंकाच्या संपादकांनी मात्र पुढचंच लिहा म्हणून निरोप धाडला आहे, तेव्हा लिहिते.

आमचं वर्कशॉप घाटकोपरला, आग्रा रोडपासून थोडं आत, एका लाकडाच्या वखारीमागे आहे. पत्र्याची लांबट शेड आणि उत्तरेला खिडक्या. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो, आणि बारीक कामाला तोच लागतो. इथं जमीन मोजण्याची यंत्रं दुरुस्तीला येतात. त्यातलं सगळ्यात साधं यंत्र म्हणजे लेव्हल. हल्ली मुलुंड काय, माहुल काय, जिकडे तिकडे बांधकामं चालली आहेत, त्यामुळे तुम्ही ते पाहिलं असेलच. तीन पायांवर पितळेची दुर्बीण, तिच्यामागे वाकलेला एक माणूस, आणि लांबवर रंगवलेली पट्टी उभी धरलेला दुसरा. रस्त्यावरच्या पोरांना वाटतं फोटो काढतायत, म्हणून ती समोर येऊन केस सारखे करतात.

फोटोबिटो काही नसतो. दुर्बीण अगदी आडवी, पाण्याच्या पातळीत ठेवलेली असते. तिच्या पोटात एक आडवा धागा असतो. तो लांबच्या पट्टीवर ज्या आकड्यावर दिसेल तो आकडा वाचायचा. मग पट्टी दुसरीकडे नेऊन पुन्हा वाचायचा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे त्या दोन जागांच्या उंचीतला फरक. रस्ता, गटार, पाण्याचा नळ, सगळं या एका धाग्याच्या भरवशावर चालतं.

आणि हा धागा कोळ्याचा असतो. माणसाचा केस दुर्बिणीत दोरखंडासारखा जाड दिसतो, पट्टीवरचा आकडाच झाकून टाकतो. रेशमाला लव असते. कोळ्याचा धागा बारीक, गुळगुळीत आणि चिवट. त्यातही जाळ्याचा नव्हे, कारण जाळं चिकट असतं आणि धूळ धरतं. अंड्यांच्या पिशवीभोवती कोळीण जो धागा गुंडाळते तो उत्तम. तो आम्ही भांडुपच्या निवडुंगाच्या कुंपणांतून गोळा करून आणतो, तारेच्या चिमट्यावर गुंडाळतो आणि झाकणाच्या डब्यात ठेवतो. बसवायच्या आधी तो ओला करायचा. ओला झाला की सैल पडतो, मग हलकेच ताणायचा आणि तसाच दुर्बिणीच्या आतल्या पितळेच्या कडीवर लाखेनं चिकटवायचा. वाळला की सतारीच्या तारेसारखा ताठ होतो. कोरडाच बसवला तर पहिल्या दमट हवेला झोळ पडतो आणि मुंबईत हवा दमट नसते असा महिना शोधावा लागेल.

हे मला शिकवलं नाना चिंदरकरांनी. वर्कशॉप त्यांचं. ते मूळचे मालवणकडचे, आधी गिरणीत फिटर होते, मग लढाईच्या काळात लष्कराच्या कारखान्यात दुर्बिणी जोडायला लागले आणि लढाई संपल्यावर स्वतःची शेड घातली. तोपर्यंत त्यांचा हात थोडा कापायला लागला होता. मी तेव्हा कुर्ल्याला एका रेडिओवाल्याकडे तांब्याच्या तारेची वेटोळी गुंडाळायची. नाना आमच्याच चाळीत राहायचे. एकदा जिन्यात भेटले आणि म्हणाले, “मंदा, तुझा हात स्थिर आहे असं ऐकतो. किड्यांची किळस येते का?” मी म्हटलं, “पगारावर आहे.” दुसऱ्या दिवसापासून कामाला लागले.

आमच्यात कामाची वाटणी पक्की होती. कडी बाहेर काढणं, साफ करणं, धागा बसवणं माझं काम. पुढचं सगळं नानांचं. ते दुर्बीण जोडायचे, तिपाईवर चढवायचे, शेडच्या टोकाच्या भिंतीवर काढलेल्या खुणांवर तपासायचे आणि हवा तिथे धागा येईपर्यंत स्क्रू फिरवायचे. तपासताना नाकावरचा जाड भिंगांचा चष्मा कपाळावर ढकलायचे. दुर्बीण स्वतःच भिंगांची असते, तिला डोळ्याप्रमाणे जुळवून घेता येतं, मग मध्ये चष्मा कशाला, असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते शास्त्राला धरून होतं. मनासारखं झालं की स्क्रूवर लाखेचा थेंब टाकायचे. तो लाल थेंब म्हणजे चिंदरकरांचा शब्द. त्यानंतर वर्कशॉपमध्ये कुणी त्या दुर्बिणीला डोळा लावायचा नाही, मीसुद्धा नाही. “यंत्र बरोबर आहे,” एवढं ते गिऱ्हाइकाला सांगायचे. गिऱ्हाइकाला तेवढं पुरायचं.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. या दुर्बिणींत सगळं उलटं दिसतं, पट्टी धरणारा माणूस डोक्यावर उभा. सुलटं करायला आणखी भिंगं घालावी लागतात आणि तितका उजेड कमी होतो, म्हणून कारखानदार ते करत नाहीत. मोजणाऱ्यांना चार दिवसांत त्याची सवय होते. पण एका नवशिक्यानं दुर्बीण आणून आमच्या टेबलावर आपटली आणि आम्ही भिंग उलटं बसवलंय म्हणून तंबी दिली. नानांनी शांतपणे लेव्हल घेतली, तिपाईवर ठेवली आणि त्याला म्हणाले, बघा. त्यानं पाहिलं. उलटंच. नाना म्हणाले, आता दुसरी बघा. तीही उलटी. तिसरीही. तेव्हा तो म्हणाला, “म्हणजे तुम्ही सगळ्यांचीच वाट लावून ठेवलीय?” नानांनी त्याला बसवून घेतला आणि दुपारभर समजावला. तो अजून येतो.

पण या गोष्टीला कारण झालं ते दुसरंच गिऱ्हाईक. कळव्याकडचा एक मुकादम. पावसाळ्याआधी त्याची लेव्हल आम्ही चोख करून दिली होती. आठवड्यात परत घेऊन आला. धागाच दिसत नाही म्हणाला. मी उघडली, तर कडी स्वच्छ. धाग्याचा मागमूस नाही. विचारलं, तर मोठ्या समाधानानं म्हणाला, “डोळ्याकडचं भिंग काढून बघितलं, तर आत कोळ्याचं जाळं. मी म्हटलं, एवढी महागाची वस्तू आणि ही निगा? धोतराच्या सोग्यानं पुसून काढलं.” उपकार केल्यासारखं तोंड होतं त्याचं. मला हसू आवरेना. नाना मात्र हसले नाहीत. त्यांना ते फार लागलं. त्या दिवसापासून त्यांनी डोळ्याकडच्या भिंगाच्या कडेलाही लाखेचा थेंब टाकायला सुरुवात केली, म्हणजे कुणाला ते काढता येऊ नये. मला तेव्हा ती चांगली युक्ती वाटली. पावसाळ्यात आत ओल जाणंही थांबलं.

पुढच्या वर्षी, दसऱ्याच्या सुमाराला, मोहिले आले. मोहिले ओव्हरसियर आमचं जुनं गिऱ्हाईक. पन्नाशीचे, उन्हानं रापलेले, मितभाषी. दळवी नावाच्या कंत्राटदाराकडे होते. मुलुंडला नव्या वसाहतीचं गटार चाललं होतं, त्याचा चढउतार काढण्याचं काम त्यांच्याकडे. गटाराला उतार अगदी थोडा द्यायचा असतो. जास्त दिला तर पुढे खड्डा फार खोल खणावा लागतो, कमी पडला तर पाणी थांबतं. इथं गटार बांधून झालं, पाणी सोडून पाहिलं, आणि ते मध्येच तुंबून उगमाकडे परत आलं.

दळव्यांनी सरळ सांगितलं होतं: यंत्रात दोष निघाला तर ठीक, नाही तर दोष तुमचा, आणि मग उद्यापासून येऊ नका. मोहिल्यांनी हे आम्हांला सांगितलं ते बाजारभाव सांगावा अशा आवाजात. पण लेव्हलची पेटी टेबलावर ठेवली तेव्हा त्यांना तिची मूठ लगेच सोडवेना. पन्नाशीतल्या, कामावरून काढलेल्या ओव्हरसियरला दुसरा कंत्राटदार उभा करत नाही. हे तेही जाणून होते आणि आम्हीही.

नानांनी काम बाजूला ठेवून ताबडतोब लेव्हल चढवली. चष्मा कपाळावर. भिंतीवरच्या खुणा पाहिल्या, दुर्बीण फिरवून पाहिल्या, जागा बदलून पाहिल्या. एकदा नव्हे, तीनदा. मग लाखेचे थेंब तपासले. शाबूत.

“मोहिले,” ते म्हणाले, “यंत्र बरोबर आहे.”

मोहिल्यांनी मान हलवली. पुन्हा बघता का, असंही विचारलं नाही. नानांचं मन वाईट झालं होतं, पण बरोबर असलेल्या यंत्राला चूक म्हणणं त्यांच्यानं होण्यासारखं नव्हतं, आणि ते करावं असं मलाही वाटलं नाही. खोट्या सांगण्यानं एकाची नोकरी वाचली असती आणि दुसऱ्या कुणाच्या तरी दारात गटार तुंबलं असतं.

मी मागच्या दारी धाग्याचे चिमटे उन्हात ठेवायला गेले, तर मोहिले तिथं वखारीच्या ओंडक्यावर बसलेले. जायचं सोडून का बसलेत ते कळेना. तेच म्हणाले, “बाई, धागा तुम्हीच ओढता ना?”

“हो.”

“थोडा जाड घालता येईल का?”

मला राग आला. जाड धागा म्हणजे आमच्या कामाला बट्टा. मी म्हटलं, जाड कशाला, आकडा झाकेल ना. त्यावर ते इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, “मला तो नीट दिसत नाही. धुरकट दिसतो. पट्टी मात्र लख्ख दिसते. डोळा गेला बहुतेक. हे दळव्यांना कळलं तर गटाराचंही निमित्त लागणार नाही.”

“कधीपासून?”

“गेल्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर. तुमच्याकडून यंत्र परत आलं तेव्हापासून.”

“आणि दुसऱ्या कुणाच्या यंत्रात?”

ते माझ्याकडे बघायला लागले. मग म्हणाले, एकदा ठाण्याला एका ओळखीच्याच्या लेव्हलमधून पाहिलं होतं, त्यात दिसला होता बुवा स्पष्ट. म्हटलं, त्याचा धागा जाड असेल.

मी आत गेले. नाना चहा प्यायला वखारीच्या पुढच्या बाजूला गेले होते. लाल थेंबानंतर डोळा लावायचा नाही हा नियम मी त्या दिवशी पहिल्यांदा मोडला. माझी तेव्हा पंचेचाळिशी आली होती. दिवसभर डोळ्याला जवळचं भिंग लावून काम करायचे म्हणून वर्कशॉपमध्ये जाणवत नसे, पण घरी सुईत दोरा ओवताना हात लांब न्यावा लागायचा. दुर्बिणीतून पाहिलं. धागा, माझ्या हातानं ताणलेला धागा, धुरकट. बाजूची चक्री फिरवून, भिंतीवरची खूण साफ दिसेल असं आतलं भिंग पुढेमागे केलं. खूण साफ झाली, धागा आणखी पुसट. मग मी डोकं थोडं वर केलं, थोडं खाली केलं. धागा खुणेवरून वर सरकला, खाली सरकला.

इथं थोडं समजावून सांगते, कठीण नाही. खिडकीच्या गजाजवळ उभं राहून समोरच्या झाडाकडे बघा आणि डोकं हलवा. गज झाडावरून सरकताना दिसतो, कारण गज जवळ आणि झाड लांब. गज झाडालाच टेकलेला असेल तर सरकणार नाही. दुर्बिणीत लांबच्या पट्टीचं चित्र आत एका जागी पडतं. ते बरोबर धाग्यावर पडलं तर धागा चित्राला टेकलेला, डोकं कितीही हलवा, आकडा तोच. चित्र धाग्याच्या मागेपुढे पडलं की तो झाला खिडकीचा गज. ते टाळायला एक साधी रीत आहे: आधी डोळ्याकडचं भिंग फिरवून आपल्या डोळ्याला धागा साफ करून घ्यायचा, आणि मग पट्टी. ज्याचं त्यानं. ज्याच्या त्याच्या डोळ्याप्रमाणे.

आणि तेच भिंग नानांनी लाखेनं बंद केलं होतं. चष्मा कपाळावर ढकलून, त्यांच्या डोळ्याला साफ दिसेल तिथे.

नाना आले. मी सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, डोळा लावला, डोकं वरखाली केलं. “कुठं सरकतोय?”

“मला सरकताना दिसतोय.”

“तुला दिसतोय.” पुन्हा पाहिलं. “जागचा हलत नाही. खिळ्यासारखा आहे.” आणि ते खरंच होतं. त्यांच्या डोळ्याला तो हलतच नव्हता. मी दोनतीनदा सांगितलं तसे ते चिडले. चिडले की मालवणीवर यायचे. “गो, तीस वर्सां ह्या काम करतंय मी. माका माझो डोळो शिकवू नको.”

मोहिले दारात येऊन उभे होते. मला वाद घालण्यात अर्थ वाटेना. ज्याला दिसत नाही त्याला सांगून दिसत नाही. मी म्हटलं, “नाना, एकदा चष्मा लावून बघा.”

“दुर्बिणीला चष्मा लागत नाही.”

“लागत नाही, ठाऊक आहे. तरी बघा.”

त्यांनी मग चष्मा नाकावर घेतला आणि वाकले. त्यांचा हात भिंगाच्या चक्रीकडे गेला, खूण साफ करून घेतली. डोकं वर गेलं. खाली आलं. पुन्हा वर गेलं. चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला, पुन्हा पाहिलं. मग स्टुलावर बसले आणि मोहिल्यांना म्हणाले, “तुम्ही मागच्या जागेवरची पट्टी वाचताना कुठं उभे असता, आणि पुढच्या?”

मोहिल्यांनी सांगितलं. खणलेली माती गटाराच्या एका अंगाला रचलेली. मागची पट्टी बघताना त्या ढिगावर चढून वाकावं लागे, पुढची बघताना खाली उतरून टाचा उंचवाव्या लागत. म्हणजे एकदा डोळा वरून, एकदा खालून. दर वेळी केसाएवढी चूक, दर वेळी एकाच बाजूला, आणि गटार वसाहतभर लांब.

नानांनी तिथंच चाकू घेऊन लाख खरवडायला सुरुवात केली होती. मीच त्यांचा हात धरला. म्हटलं, आता नका काढू. दळव्यांना काय दाखवणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं लेव्हल घेऊन मुलुंडला गेलो. मला यायची गरज नव्हती. नाना म्हणाले, तू चल, तुझ्या तोंडाला धार आहे. दळवी जागेवरच होते. ठेंगणे, टापटीप, केस काळेभोर. इतके काळे की कानाजवळच्या कातडीवरही थोडा रंग उतरला होता. बरोबर त्यांचा भाचा, नुकताच इंजिनियर झालेला. नानांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की चूक मोहिल्यांची नाही, माझी आहे, आणि कशी ती दाखवतो.

तिपाई लावली, लांब पट्टी उभी केली. भाच्यानं डोळा लावला. डोकं वर केलं, खाली केलं, आणि म्हणाला, “काहीच हलत नाही, मामा. धागा एकदम स्पष्ट आहे.”

मोहिल्यांचा चेहरा पडला. नाना गोंधळले. मला आधी कळेना आणि मग एकदम कळलं. नानांना चष्म्याशिवाय जवळचंच साफ दिसे. त्यांनी बसवलेला धागा बघणाऱ्याला वीतभर अंतरावर असल्यासारखा दिसे. तरणा डोळा वीतभरावरचंही बघतो आणि मैलावरचंही. नकळत जुळवून घेतो. ती ताकद वयाबरोबर जाते. म्हणूनच वर्षभर कुणा तरुण ओव्हरसियरची तक्रार आली नव्हती. आणि जे वयस्क होते त्यांनी मोहिल्यांसारखंच, डोळा गेला असं समजून तोंड बंद ठेवलं असणार.

मी हे दळव्यांना सांगितलं. म्हटलं, यात वय झालेल्यालाच चूक दिसते. भाचा हसला. तेव्हा मी तिथल्या म्हाताऱ्या रखवालदाराला बोलावलं. त्यानं पाहिलं आणि म्हणाला, पट्टी झकास दिसते, पण त्यावर कसलातरी धूर आहे. मग चाळिशीच्या आतला एक गवंडी. त्याला लख्ख दिसलं. मग चुना कालवणारी एक आजीबाई आली. तिला उलटा माणूस पाहून इतकी मजा वाटली की धाग्याचं विचारायचंच राहिलं. दुसऱ्यांदा विचारलं तर म्हणाली, दोरा कुठाय?

“ही अडाणी माणसं,” दळवी म्हणाले. “सरका, मी बघतो.” त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग सरळ होऊन, भाच्याकडे एक नजर टाकून म्हणाले, “मला तर स्पष्ट दिसतोय धागा. माझ्या भाच्याला दिसतो तसाच.”

मोहिले पट्टीच्या दिशेला तोंड करून उभे राहिले. दळव्यांचे काळेभोर केस मला त्या वेळी फार डाचले. त्यांना धुरकट दिसलं म्हणायचं नव्हतं, आणि त्यापायी दुसऱ्याची भाकरी जात होती.

पण भांडून उपयोग नव्हता. मी म्हटलं, “साहेब, तुम्हांला स्पष्ट दिसतंय तर बरंच झालं. पट्टीवरचा आकडा तेवढा वाचून दाखवा.”

त्यांनी वाकून वाचला.

“आता त्या ढिगावर चढून, वरून वाचा. मोहिले वाचत तसा.”

ते चढले, वाचला, आणि तसेच वाकून राहिले. भाच्यानं दोन्ही आकडे ऐकले होते. पट्टी जागची हलली नव्हती, दुर्बिणीला कुणी हात लावला नव्हता. भाचा प्रामाणिक पोरगा. म्हणाला, “मामा, दोन वेगळे सांगितलेत तुम्ही.”

दळवी ढिगावरून उतरले. चप्पल झटकली. मोहिल्यांकडे न बघता म्हणाले, “उद्यापासून पुन्हा सगळी पातळी घ्या. या खेपेला चिंदरकरांच्या शेडमधल्या दुसऱ्या, भिंगाला लाख नसलेल्या लेव्हलनं.” मग मला म्हणाले, “बाई, तुम्ही शिक्षिका व्हायला हवं होतं.” मी म्हटलं, “माझं बरं चाललंय.”

ते गटार पुन्हा खणलं गेलं आणि पाणी वाहतं झालं. आमचं मात्र नुकसान व्हायचं ते झालं. वर्षभरात लाख लावून गेलेली यंत्रं परत मागवायला नाना स्वतः दारोदार फिरले, आणि प्रत्येक ठिकाणी आपल्या तोंडानं कारण सांगितलं. मी म्हटलं होतं, नुसतं तपासणीला आणा म्हणून सांगा. त्यांनी ऐकलं नाही. काही गिऱ्हाइकं त्यानंतर आलीच नाहीत. धंद्यात नाव व्हायला वर्षं लागतात. जायला आपणच फिरून सांगितलं की पुरतं. अजूनही कुणी जुना माणूस भेटला की विचारतो, चिंदरकरांची ती लाखेची भानगड काय होती?

मोहिले आपली लेव्हल न्यायला आले तेव्हा नानांनी भिंग मोकळं केलं होतं. ती तिपाईवर ठेवून ते बाजूला झाले. मोहिल्यांनी भिंग फिरवलं, थोडं उजवीकडे, थोडं मागे. “दिसला,” म्हणाले. मग पट्टी साफ केली, डोकं वरखाली केलं, आणि बराच वेळ डोळा काढेनात.

नाना म्हणाले, “वर्षभर धुरकट दिसत होतं, मोहिले. एकदा येऊन बोलायचंत तरी.”

मोहिल्यांनी दुर्बीण पेटीत ठेवली, कडी लावली, मग म्हणाले, “तुम्ही यंत्र बरोबर आहे म्हणाला होतात ना.”

नानांनी टेबलावर पडलेले लाखेचे कण हातानं गोळा केले.

आता नाना शेडवर क्वचित येतात. गुडघे धरले आहेत. मलाही चष्मा लागला. हल्ली बाहेरून काचेवर रेघ कोरलेल्या कड्या येऊ लागल्या आहेत, त्यांना कोळी लागत नाही, ओलही लागत नाही. भांडुपच्या कुंपणांतही निवडुंग पूर्वीइतका राहिला नाही. मला त्याचं फार दुःख नाही. काचेवरची रेघ आमच्या धाग्यापेक्षा चांगली आहे आणि चांगल्याला चांगलं म्हणावं. पण डोळ्याकडचं भिंग त्या यंत्रालाही फिरवावंच लागतं. आता शेवटची तपासणी मी करते. झाली की यंत्र तिपाईवर ठेवते, ज्याचं असेल त्याला पुढे बोलावते आणि विचारते, “दिसतंय का?” लोक आधी माझ्याकडे बघतात, मी काय म्हणते याची वाट बघतात. मी बोलत नाही. ते बोलेपर्यंत हातातलं दुसरं काम करत राहते.